खोड सांगून विकलेली गाडी

आमच्या ह्यांना घासाघीस करता येत नाही. बाजारात वांगी साठ रुपये किलो सांगितली तर हे साठ देतात, आणि देता देता वर "वांगी मात्र ताजी हायेत" असं म्हणून भाजीवालीचा भाव आणखी पक्का करतात. लग्नानंतर पहिल्या वर्षातच मी पिशवी माझ्या हातात घेतली. आदिलाबादच्या भाजीबाजारात मला आता बरेच जण ओळखतात. मी समोर उभी राहिले की काही जणी मी तोंड उघडायच्या आधीच सुस्कारा टाकतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी मराठी शाळेत गणित शिकवते, आणि जास्तीचे पैसे देऊन घरी आले तर मला त्या दिवशी जेवण जात नाही.

म्हणून जुनी गाडी देऊन नवी घ्यायची वेळ आली तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं होतं, की बोलणार मी आणि बसणार तुम्ही.

जुनी गाडी वेगळं राज्य व्हायच्या आधी घेतलेली. तिच्या पाटीवर एपी शून्य एक. त्यानंतर राज्य बदललं, जिल्ह्याचे तुकडे झाले, नव्या गाड्यांवर आधी टीएस आलं आणि मग टीजी. आमची गाडी मात्र लग्नानंतरही माहेरचं आडनाव लावणाऱ्या बाईसारखी शेवटपर्यंत एपीच राहिली. तिनं आमची लग्नकार्यं केली, मयती केल्या, डिक्कीत ज्वारीची पोती वाहिली, आणि एकदा तर विकत घेतलेली शेळीही आणली. त्या शेळीचा वास दोन उन्हाळे गेला नाही.

पण गाडीचं खरं काम रविवारचं. तलमडुगुकडच्या एका गावात ह्यांचा धाकटा भाऊ शेती करतो. कापूस, ज्वारी, मधे तुरीची तासं. हे स्वतः महसूल कचेरीत नोकरीला होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. नोकरीत असताना आणि नंतरही, रविवार म्हणजे गाव. शनिवारी संध्याकाळपासूनच माणूस वेगळा दिसायला लागतो. चपलांना तेल लावतो, उगाच गाडीची हवा बघतो, माझ्याशी गोड बोलतो. गावात जाऊन फार काही करतात असंही नाही. शेताच्या बांधाधुऱ्यावरून फिरतात, भावाशी बोंडअळीवर वाद घालतात, ओट्यावर बसून चहा पितात आणि परत येतात. पण तेवढ्यावर त्यांचा पुढचा आठवडा जातो. एखादा रविवार हुकला तर सोमवारी घरात मी आणि भिंत सारखेच.

गाडी बदलली त्या वर्षीच्या पावसाळ्यात धुऱ्यावरून त्यांचा पाय घसरला. डावा गुडघा मुरगळला. डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले आणि म्हणाले, "तेल लावाले सांगतलं." डॉक्टर खरंच काय म्हणाला ते मला आजही माहीत नाही. ह्यांच्या घराण्यात ताप आला तरी ऊन लागलं म्हणतात. माझे सासरे शेवटच्या आजारपणातही विचारायला आलेल्यांना "जरा थकवा हाये" असंच सांगत राहिले.

पण मला डोळे आहेत. जन्मभर पाटावर बसून जेवणारा माणूस एक दिवस टेबलाशी जाऊन बसला. मी बघतच राहिले तर म्हणाले, "टेबल घेतलं तं वापराले नको का?" टेबल घेऊन आठ वर्षं झाली होती. मग एका रविवारी संध्याकाळी गावाहून परत आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. गाडी थांबली, दार उघडलं, पण हे उतरेनात. मग त्यांनी दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला आणि वस्तू ठेवावी तसा बाहेर जमिनीवर ठेवला. आणि कोणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी खिडकीतून बाजूला झाले. ते आत आले तेव्हा मी भाकरी थापत होते आणि माझा चेहरा परातीकडे होता.

त्या दिवसापासून मी टुमणं लावलं, की मला क्लच नसलेली गाडी हवी. कारण काय, तर मला चालवायला शिकायचं आहे.

हे पोट धरून हसले. "तू स्कुटीवर बसतानी देवाचं नाव घेतं."

"म्हनूनच बिनाक्लचची पाह्यजे," मी म्हणाले.

"लय महाग असते ते. अन् माये हात मोडले का गिअर टाकाले?"

हात नाही मोडले, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण गिळलं. आमच्यात मग एक ठराव झाला. पेन्शनचे पैसे ठरल्यापेक्षा जास्त काढायचे नाहीत, आणि कर्ज काढायचं नाही. साधी गाडी आणि बिनाक्लचची गाडी यांच्यात जो फरक आहे तो जुन्या गाडीच्या किमतीतून आणि सवलतीतून निघाला, तर बिनाक्लचची. नाही निघाला तर साधी. त्यांना खात्री होती की निघणार नाही. मला खात्री होती की मी काढीन. शोरूममध्ये जाताना मी सवलत मागायला निघाले होते असं लोकांना वाटलं असेल. मला फक्त त्यांचे रविवार वाचवायचे होते. साधी गाडी आली असती तर वर्षभरात कधीतरी एका रविवारी हे म्हणाले असते, "आज राहू दे, कंटाळा आला." आणि मग पुढच्याही रविवारी.

जायच्या आदल्या दिवशी मी गाडी धुऊन घेतली, सीटची कव्हरं बदलली, डिक्की झाडली. डिक्कीत एक जुनी नायलॉनची दोरी होती, ट्रॅक्टर ओढायला नाहीतर कापसाची गाठोडी बांधायला वापरलेली, काळी पडलेली. मी ती फेकायला काढली. ह्यांनी परत आणून ठेवली.

डिसेंबरचे दिवस. आमच्याकडची थंडी म्हणजे तोंड उघडलं की वाफ. रस्त्याला कापसाच्या गाड्या कापूस खरेदीच्या यार्डाकडे रांगेत उभ्या होत्या, त्यांच्यामधून आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. वाटेत मी ह्यांना पुन्हा बजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमी काहीच बोलू नका." त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी विश्वास ठेवला, ही माझीच चूक.

शोरूममध्ये एका हसऱ्या मुलीनं तेलुगूत स्वागत केलं, पाणी दिलं, बसवलं. जुनी गाडी तपासायला एक काटकुळा माणूस आला, हातात टॅब. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून पाहिलं, बंद केलं. माझी कव्हरं त्याला आवडलेली दिसली. मग त्यानं सहज हिंदीत विचारलं, "चाचा, कुछ प्रॉब्लेम वगैरे?"

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि सगळेच "कुछ नहीं" म्हणतात. मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात हे खुर्चीतून उठले.

इथं थोडं मागं जायला हवं. आमच्या भागातल्या बैलबाजारात गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी एक गोष्ट विचारतं. खोड काय? आणि विकणाऱ्यानं ती सांगायची असते. बैल मारका आहे, बसका आहे, पाण्याला बुजतो, डावीकडे जुंपला तरच चालतो, जे असेल ते. खोड सांगून दिलेला बैल परत येत नाही. लपवून दिलेला बैल पुढच्या बाजारी मालक दारात आणून बांधतो, आणि सारा गाव बघतो. माझ्या सासऱ्यांचं नाव या एका गोष्टीसाठी लांबलांबच्या गावांत होतं. बाजारहत्नूरकडचे लोक त्यांच्या गोठ्यावर थेट यायचे, कारण इथं खोड आधी कळते आणि भाव नंतर. ह्यांचं सगळं लहानपण असल्या बाजारांत गेलं. मला हे माहीत होतं. पण त्यांना गाडीतही बैल दिसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"देखो भाई," हे त्या माणसाला म्हणाले, "पीछे का बायाँ काच बटन से उतरता, चढता नहीं. हाथ से ढकलना पडता. ठंडी में दूसरा गिअर अटकता. एसी दोपहर को थक जाता. और ये दरवाजा देखो."

त्या माणसानं दरवाजा पाहिला. दरवाजा चांगला होता.

"दिखता नहीं," हे म्हणाले, "लेकिन इसको बैलबंडी का जू लगा था. ठोक के रंग मारे. यहाँ, हाथ लगाओ."

आणि त्याचा हात धरून त्यांनी त्या जागी लावला. त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट टॅबवर टकटक चाललं होतं. दर टकटकीला मी मनात पैसे वजा करत होते. मी जवळ जाऊन ह्यांचा पाय दाबला. उजवा. इतक्या रागातही डावा दाबला नाही, याचं माझं मलाच नंतर कौतुक वाटलं.

तो माणूस आकडा काढायला आत गेला, तशी मी ह्यांना धरलं. "तुमाले काऊन सांगावं लागलं?"

"त्यानं इचारलं."

"इचारतेतच ते. सारेच नाई म्हनतेत."

"मंग ज्याच्या घरी जाईन, त्याचा घाटात गिअर अटकला तं? पोरंसोरं असतीन गाडीत."

"अन् तो दरवाजा? दरवाजानं कोनाचं काय होनार हाये?"

त्यांनी दरवाजावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "अर्धी खोड सांगनं चांगलं नाई."

माणसाला असं काही बोलता आलं की त्याच्याशी भांडता येत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. आकडा आला. मी मनाशी धरलेल्या आकड्यापेक्षा तो इतका खाली होता की मला क्षणभर वाटलं, हा आमच्या गाडीचा नसावाच.

मग मी कंबर कसली. आम्हाला मॅनेजरच्या काचेच्या खोलीत नेलं. मॅनेजर चाळिशीचा, जाडसर, गळ्यात मफलर, हिंदीत गोड बोलणारा. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि एकेक ओळ धरली. विमा बाहेरून स्वस्त मिळतो, तेवढा कमी करा. सरकारी नोकरांना सूट असते, मी अजून नोकरीत आहे, ती लावा. गालिचे, कव्हरं, रंगावरचा चकचकीत थर, सगळं काढा. एका ओळीत हँडलिंग चार्ज असं लिहिलं होतं.

"ये हँडलिंग क्या है?" मी विचारलं. "गाडी कडेवर घेऊन आणली का तुम्ही?" हे शेवटचं रागात मराठीतच आलं. तो हसला आणि ती ओळ खोडली. मधूनमधून मी ह्यांच्याकडे वळून हळूच मराठीत सांगत होते, "थांबा, अजून उतरवते याले," "हा नरम पडून राह्यला."

फरक बराच खाली आला. पण पुरा निघेना. एका जागी येऊन तो मॅनेजर अडला तो अडलाच. मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. ते बाजारात कधी वाया गेलेलं नाही. पर्स उचलली, उभी राहिले आणि म्हणाले, "चला. निजामाबादले पाहू."

अशा वेळी नवऱ्यानंही उठायचं असतं. हे जगात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मागे मात्र काहीच हालचाल झाली नाही. वळून पाहिलं तर हे खुर्चीत आरामात.

"बस वं," ते म्हणाले, "चहा येऊन राह्यला."

आणि मॅनेजर स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, साखर कमी सांगू का?"

त्याला मराठी येत होती. पैनगंगेच्या काठचं त्याचं गाव, सगळं घर मराठीत बोलणारं. मघापासून मी ह्यांच्या कानात जे काही सांगितलं होतं ते सगळं त्यानं कान देऊन ऐकलं होतं. या जिल्ह्यात जन्म काढून, समोरच्याला मराठी येत नसेल असं मी धरून चालले. असल्या चुकीला मी शाळेत पोरांना बाकावर उभं केलं असतं. मी खाली बसले. चहा आला.

चहा पिता पिता मॅनेजरनं समजुतीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, जुन्या गाडीत मी आता काहीच वाढवू शकत नाही. साधी घ्या ना. चांगली आहे, ॲव्हरेज पण देते. चालवणारे काकाच आहेत ना?"

"मीच," हे म्हणाले. "चालते. साधीच बरी. हिले कुठं शिकाची हाये." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. पेन उजव्या हातात होतं. डावा हात टेबलाखाली होता. पाय लांब करून ते गुडघा चोळत होते, सावकाश, सवयीनं, स्वतःलाही न कळत. थंडीत बसून बसून पाय धरला असणार. समोर कागद आला, त्यांनी चष्मा वर केला आणि सहीची जागा शोधायला लागले.

मी कागदावर हात ठेवला.

"थांबा," मी मॅनेजरला म्हणाले. मराठीतच. आता लपवायचं काय होतं? "गाडीच्या खोडी ह्यांनी सांगितल्या. एक पण लपवली नाही. आता गाडी हाकणाऱ्याची खोड मी सांगते. ह्यांचा डावा गुडघा गेलेला आहे. क्लच दाबताना दात आवळतात. गाडीतून उतरताना पाय हातानं उचलून बाहेर ठेवतात. मला शिकायचं आहे हे खोटं होतं. साधी गाडी घेतली तर हे वर्षभरात घरी बसतील. ऐकून घ्या, आणि मग सांगा काय करता येतं ते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. त्यांचे कान लाल झाले होते. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना मी चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. मला त्यांची कीव आली, स्वतःचा राग आला, आणि तरीही तोच कागद परत समोर आला असता तर मी परत हेच बोलले असते.

मॅनेजरनं मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "मागे आमच्या यार्डात एक उभी आहे. बिनाक्लचची. तपकिरी रंगाची. एकानं बुक केली आणि सोडली. तो रंग कोणी घेत नाही. साल संपून राह्यलं, मला ती काढायचीच आहे. तिच्यावर मी सूट देऊ शकतो."

आम्ही मागे गेलो. गाडी धुळीनं माखलेली, रंग उकळून काळ्या पडलेल्या चहासारखा. मला ती पाहताच आवडली नाही. हे मात्र तिच्याभोवती हळूहळू फिरले, चाकाला हात लावला आणि मॅनेजरसमोर उभे राहिले. मघापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"हिची खोड सांगा."

विकणाऱ्याला असं विचारतात का कोणी शोरूममध्ये? ती हसरी मुलगी मॅनेजरच्या तोंडाकडे पाहायला लागली. मॅनेजरनं आधी गाडीकडे पाहिलं. मग बोटांवर मोजत म्हणाला, "पावसाळ्यापासून उभी आहे. बॅटरी एकदा बसली, बदलली. मागचा बंपर यार्डात घासला होता, रंगवलाय. आणि काका, उद्या विकायला जाल तर हिचं साल जुनं धरतील."

"बंपर कुठं घासला?"

मॅनेजरनं ह्यांचा हात धरून त्या जागी लावला.

"ठीक," हे म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "आता बोल तू."

मग मी बोलले. राहिलेला फरक त्या गाडीतून काढला, पुरता काढला. गालिचे मात्र त्यानं शेवटपर्यंत दिले नाहीत. "मॅडम, ते तेवढे विकत घ्या," म्हणाला, "मलाही वर तोंड दाखवायचंय." ते मी घेतले. पण त्या जुन्या गाडीचा दरवाजा सांगायची काही गरज नव्हती, हे माझं मत आजही कायम आहे.

नवी गाडी कागदपत्रं होऊन चार दिवसांनी मिळणार होती, म्हणून घरी आम्ही जुनीतूनच निघालो. यार्डासमोर कापसाच्या गाड्यांची गर्दी झाली होती. थांबत, चालत, थांबत. थंडीत दुसरा गिअर अटकला. त्यांनी क्लच दाबला, सोडला, परत दाबला. आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. हळूच, पण निघालं. इतक्या महिन्यांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुले कवा समजलं?"

"टेबलावर जेवाले लागले तवा."

"चार मानसांत सांगाची गोष्ट होती का ते?"

"दोघांतच सांगतली असती तं तुमी आयकली असती का?"

घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "गावात काही सांगू नको. इचारलं तं म्हनू, तुले शिकाची हाये म्हनून घेतली."

"म्हनू," मी म्हणाले. तेवढं मी त्यांना देणं लागत होते.

गाडी सोपवायच्या दिवशी त्यांनी डिक्की उघडून ती काळी दोरी काढून घेतली. काटकुळा माणूस म्हणाला, "चाचा, रहने दो ना." ह्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दोरी खांद्यावर टाकली. बैल विकताना त्याला बांधायची दोरी, त्याचं दावं, देत नसतात, ते घरच्या खुंट्याचं असतं. त्या माणसाला काही कळलं नाही, पण मला या वेळी भांडावंसं वाटलं नाही. नव्या गाडीच्या कोऱ्या डिक्कीत पहिली वस्तू गेली ती ती दोरी.

रविवारी गावाला गेलो. वाटेत त्यांचा डावा पाय सारखा क्लच शोधत होता आणि काही न सापडून परत येत होता. घरासमोर गाडी लागली तशी माणसं जमली. माझा दीर वावरातून आला, शेजारचे दोघं-तिघं आले. रंग पाहून कोणी काही बोललं नाही, माणसं चांगली आहेत. किंमत विचारली. मग दिरानं आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "दादा, हिले क्लच काऊन नाई?"

मी पुढे झाले. ठरलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"हिची खोड सांगतो आयका," हे म्हणाले. "पावसाळाभर उभी होती. बॅटरी बदललेली हाये. मागून बंपर घासला हाये, इथं. रंग तं तुमाले दिसूनच राह्यला. गाडीची खोड एवढीच." आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी पुढचं वाक्य त्याच सुरात, त्याच दमात सांगितलं. "बाकीची खोड डायवरची. हा पाय कामातून गेला. क्लच दाबत नाई आता."

कोणी हळहळलं नाही, कोणी सल्ला दिला नाही. खोड सांगितल्यावर बाजारात जसे माना हलवतात तशा त्यांनी माना हलवल्या. माझा दीर घरात गेला आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. ती ओट्याखाली, उन्हात ठेवली. त्या ओट्यावर सगळे मांडी घालूनच बसतात, माझे सासरेही शेवटपर्यंत तिथंच मांडी घालून बसले. हे महिनोन्महिने तिथं कसे बसत आले असतील आणि कसे उठत असतील, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

हे खुर्चीवर बसले. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट सरळ ठेवला, सगळ्यांच्या देखत, आणि भावाला म्हणाले, "बोंडअळीचं काय झालं सांग."

मला एकदम रडू आलं. डबा काढायचा आहे असं सांगून मी गाडीच्या मागे गेले, डिक्की उघडली आणि ती दोरी हातात धरून जरा वेळ तिथंच उभी राहिले.